झाकणावरचं लेबल

मार्च संपायच्या आत तीन दिवसांची रजा घेतली नाही तर ती वाया जाणार होती. मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात पेशंटांच्या अपॉइंटमेंट्स लावते. दुसऱ्यांच्या तारखा फुकट गेलेल्या मला चालत नाहीत, मग स्वतःच्या कशा चालतील? नवरा कामासाठी दहा दिवस कार्डिफला होता. म्हणून मी यॉर्कला जायचं ठरवलं. एकटीनं, दोन रात्री, आणि सगळं शहर पायी.

डायरीत यादी केली. ट्रेनच्या वेळा, राहायची जागा, बघायच्या अकरा गोष्टी, त्यांच्यामधलं चालायचं अंतर, पाऊस आला तर काय. एकच गोष्ट कुठल्या रकान्यात बसेना. आईच्या पाटल्या.

आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे लेस्टरला होती. जायच्या आधी काही दिवस तिनं हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या आणि म्हणाली, "ह्या थोरलीच्या लेकीला. तिच्या लग्नात." खोलीत आम्ही दोघीच होतो. मी त्याच संध्याकाळी पुण्याला ताईला फोन करून हे सांगितलं. त्यानंतर माझ्या पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा एअरपोर्टच्या धास्तीनं मी पाटल्या नेल्या नाहीत. तेव्हापासून ताईच्या बोलण्यात एक खडा आला. आता भाचीचं लग्न मे महिन्यात होतं. तोवर पाटल्यांना काही झालं असतं, तर "हरवल्या" हा शब्द ताईनं माझ्या तोंडून कधीच खरा मानला नसता. मी तिच्या जागी असते तर मीही मानला नसता.

रिकाम्या घरात त्या ठेवणं शक्य नव्हतं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दर आठवड्याला मेसेज येतो: आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना माहीत आहे, कपाट, गादी, देवघर ते आधी बघतात. हातात घालून परगावी फिरणं त्याहून वाईट. पर्समध्ये ठेवावं तर टुरिस्टांच्या गर्दीत पर्स मारतात. मग मी तेच केलं जे आमच्या घरातल्या बायका नेहमी करत आल्या. सोनं खाण्याच्या डब्यात. घरी ते ज्वारीच्या पिठात असायचं. प्रवासात पीठ कोण नेतं? म्हणून बेसनाचे लाडू.

तसेही लाडू करायचेच होते. परक्याच्या घरी राहायला जायचं तर, पैसे भरून का असेना, रिकाम्या हातानं जाणं मला जमत नाही. सव्वीस लाडू झाले. आइस्क्रीमचे दोन सारखे डबे घेतले. एकात पंधरा लाडू, घरमालकिणीसाठी. दुसऱ्यात तळाशी फॉइल आणि प्लास्टिकच्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेल्या पाटल्या आणि वर अकरा लाडू, माझ्यासाठी. झाकणांवर मास्किंग टेप लावून मार्करनं लिहिलं: "तिला" आणि "मी". डायरीतही आकड्यांसकट नोंद केली. माझ्या फ्रीझरमध्ये लेबल नसलेला एकही डबा नाही.

यॉर्कमधलं घर मिकलगेट बारच्या बाहेर एका शांत गल्लीत होतं. बार म्हणजे इथं दारू मिळत नाही, तटबंदीतल्या जुन्या वेशीला ते बार म्हणतात. घरमालकीण सत्तरीची, एकटी, उंच, कार्डिगनची बटणं खालपासून वरपर्यंत लावलेली. दार उघडताच म्हणाली, "ये लव्ह, आत ये, गारठली असशील." पहिल्याच वाक्यात लव्ह म्हणणाऱ्या माणसापासून मी जरा लांब राहते. आमच्याकडे फोनवर विमा विकणारेही असंच बोलतात.

मी "तिला" लिहिलेला डबा दिला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, झाकणाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"तुमच्यासाठी, असं."

"किती छान! आणि आत?"

"गोड. बेसन, तूप, साखर. माझ्या हातचं."

"तुझ्या हातचं," ती म्हणाली. हसली, पण डबा उघडला नाही. मी ते टिपून ठेवलं. आमच्यात कुणी डबा दिला की निदान झाकण तरी उचलतात.

मग तिनं चहाबरोबर फ्रूट केकचा जाड तुकडा दिला. तोही तिच्या हातचा. नेमकं तेव्हाच तिचं करडं मांजर ओट्यावरून चालत आलं, ब्रेडच्या पाटावर बसलं आणि पाय चाटू लागलं. ती त्याला काहीच बोलली नाही. मी म्हटलं, "मी खोलीत जाऊन सावकाश खाते." वर जाऊन तुकडा टिश्यूत गुंडाळला आणि बाथरूममधल्या कचऱ्याच्या छोट्या बिनमध्ये अगदी तळाशी घातला. वर दोन टिश्यू चुरगळून टाकले. सकाळी बाहेर जाताना काढून नेईन असं ठरवलं, पण ते यादीत लिहिलं नाही.

खोलीच्या दाराला आतून कडी होती, बाहेरून कुलूप नव्हतं. मी "मी" डबा ट्रॉली बॅगमध्ये ठेवून तिला छोटं कुलूप लावलं. पण अशा बॅगेची चेन बॉलपेननं कशी उघडते याचा व्हिडिओ मी स्वतः ग्रुपवर पाहिलेला आहे, त्यामुळे कुलूप कशासाठी लावलं कुणास ठाऊक.

सकाळी ब्रेकफास्टला ती म्हणाली, "मग, किती वाजेपर्यंत फिरणार?"

"ठरलेलं नाही." ठरलेलं होतं. साडेपाच.

"सहाच्या आत येशील का? की त्यानंतर?"

"का?"

"सहज विचारलं, लव्ह."

सहज कुणी दोनदा विचारत नाही. मी बॅग खिडकीपासून दूर, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला सरकवली, ती नेमकी कुठे आहे ते बघून ठेवलं आणि निघाले.

मिकलगेट बारच्या पायऱ्या चढून तटावर आले. या वेशीवर एकेकाळी देशद्रोह्यांची मुंडकी टांगत, अशी पाटी आहे. अविश्वासाची एवढी उघड व्यवस्था मला आवडली. तटावरून चालायची वाट अरुंद आहे आणि पुष्कळ ठिकाणी आतल्या बाजूला कठडाच नाही. खाली उतारावर डॅफोडिल्स नुकती उघडत होती, एका बाजूला रेल्वे स्टेशन, समोर लांबवर मिन्स्टर या प्रचंड चर्चचे मनोरे. सुंदर होतं, हे मी डायरीत लिहिलंय. पण लिहितानाही माझं लक्ष मागून येणाऱ्या पावलांकडे होतं.

नदीच्या पुलावर एक तरुण जोडपं म्हणालं, आमचा फोटो काढाल का? मी पर्स दोन्ही पायांच्या मधे ठेवली आणि मगच त्यांचा फोन हातात घेतला. माझे दोन्ही हात अडकवून ठेवायची ही युक्ती असेल असं वाटलं. युक्ती नव्हती. त्यांना अजून एक आडवा फोटो हवा होता, एवढंच. पुढे छत्री उंच धरलेल्या एका माणसानं "फ्री वॉकिंग टूर" म्हणत हाक मारली. फ्री म्हटल्यावर मी रस्ता बदलला. तीन पबांवर पाट्या होत्या आणि तिन्हींचं म्हणणं असं की शहरातला सर्वांत जुना पब आम्हीच. तिघांतले दोन तर खोटं बोलत असणारच.

बूथम बारपाशी पुन्हा तटावर चढले. इथून मिन्स्टरची मागची बाजू दिसते, तटाला लागून मोठ्या बागा आहेत आणि मोठ्या झाडांखालून वाट वळत जाते. यादीतला हा सगळ्यात चांगला टप्पा. मी नुकती एका बाकावर टेकले होते तेवढ्यात ताईचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"यॉर्कला. भिंतीवर."

"भिंतीवर काय करतेस?"

"चालतेय, ताई. गावाभोवतीचा तट आहे. सिंहगडावर चालतो तसं, फक्त इथं पिठलं-भाकरी नाही."

"एकटीच?"

"एकटीच."

"मज्जा आहे बाई. आणि पाटल्या?"

मी जरा थांबले. तिनं ते थांबणं लगेच पकडलं.

"घरी ठेवून आलीस?"

"नाही. माझ्याबरोबर आहेत."

"म्हणजे हातात घालून फिरतेस? घाल, घाल. हाताला सवय झाली की मग निघायच्या नाहीत."

"ताई, हातात नाहीत गं. नीट ठेवल्यात."

"कुठे?"

"आहेत सुरक्षित जागी."

"हो, दोन वर्षं सुरक्षितच आहेत. आईनं काय सांगितलं, कधी सांगितलं, सगळं तुझ्याच तोंडून ऐकलंय मी. तेव्हा मी काय बोलणार? लग्नाच्या दिवशी पोरीच्या हातात दिसल्या म्हणजे झालं."

"दिसतील."

"बघू," ती म्हणाली आणि केटरर आलाय म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर मला मिन्स्टर दिसेना. "सुरक्षित जागी" हे शब्द माझ्याच कानात वाजत राहिले. कुलूप नसलेली खोली, बॉलपेननं उघडणारी बॅग, आणि माझ्या परतायच्या वेळेची दोनदा चौकशी करणारी बाई. मंक बारपाशी मी खाली उतरले. यादीत अजून सात गोष्टी होत्या. मी डायरी बंद केली आणि सरळ परत निघाले.

परतीच्या वाटेवर शॅम्बल्सची गल्ली लागली. दोन्हीकडची जुनी लाकडी घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे इतकी झुकलेली की समोरच्या घरातलं बोलणंही ऐकू यावं. ही खाटकांची गल्ली होती, मांस टांगायचे आकडे अजून भिंतींना आहेत. लोक थांबून थांबून फोटो काढत होते. मी त्यांच्यामधून "सॉरी, सॉरी" करत सात मिनिटांत बाहेर पडले. नदी ओलांडली, मिकलगेटचा चढ चढले, घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता.

घरात कुणी नव्हतं. वर गेले. खोली हूव्हर फिरवून झाडलेली, पलंग आवरलेला, बाथरूमचा बिन रिकामा. आणि बॅग खिडकीपाशी.

कुलूप जागच्या जागी होतं. मी बॅग उघडली, "मी" डबा काढला, झाकण उघडलं. लाडू व्यवस्थित रचलेले. वरचा थर बाजूला केला. खाली लाडू. तोही काढला. त्याखाली डब्याचा पांढरा तळ.

मी पलंगावर बसले. ताईला काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं. पोलिसांना फोन करायचा तर काय सांगायचं? लाडवांच्या खाली सोनं होतं, आता नाही? घाबरले की मला लिहावं लागतं. डायरी काढली आणि पुरावे लिहायला घेतले. एक, परतायची वेळ दोनदा विचारली. दोन, बॅग हलवली. तीन, दिलेला डबा उघडला नाही, म्हणजे खाण्यात रस नाही, दुसऱ्या कशात तरी आहे. चार, लाडू किती राहिले? हे केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून. चादरीवर पेपर पसरून मोजले. पंधरा.

परत मोजले. पंधरा. दोन पानं मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "मी: ११ + पा."

सोनं नेणारा चोर जाताना चार लाडू वाढवून ठेवत नाही.

लेबल झाकणावर होतं. डब्यावर नव्हतं. भरताना दोन्ही झाकणं ओट्यावर शेजारी शेजारी पडलेली, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा कार्डिफहून फोन, चार्जर कुठे ठेवलास म्हणून. खांद्यानं फोन कानाशी दाबून मी झाकणं लावली होती. आईच्या पाटल्या मी स्वतःच्या हातानं, हसून, त्या बाईला भेट दिल्या होत्या.

खाली दार वाजलं. ती दुकानातून आली होती. मी जिना उतरून किचनमध्ये गेले. ती दुधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवत होती.

"अगं, लवकर आलीस!"

"हो. कालचा तो डबा..." मी म्हटलं. "लाडू खाल्लेत का?"

"हो तर! अप्रतिम होते."

"किती खाल्लेत?"

"सगळे. शेवटचा आज सकाळी. डबा धुऊन देते हं तुला."

सगळे खाल्ले म्हणजे तळ दिसला. तळ दिसला म्हणजे पुडी दिसली. आणि पुडी दिसूनही ही बाई माझ्याकडे बघून हसत होती. क्षणभर मला वाटलं, माझा पहिला संशयच खरा होता, फक्त मीच तिचं काम सोपं करून दिलं.

"लाडवांच्या खाली एक पुडी होती," मी म्हटलं. आवाज शांत ठेवला, फोनवर चिडलेल्या पेशंटशी बोलताना ठेवते तसा. "फॉइलमध्ये. त्यात सोन्याच्या बांगड्या आहेत. माझ्या आईच्या. चुकून तुमच्या डब्यात गेल्या."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. मग ती लाल झाली, गळ्यापासून कपाळापर्यंत. तिनं सिंकखालचे रबरी हातमोजे काढले, मागचं दार उघडलं आणि परसातल्या मोठ्या बिनकडे गेली. मी तिच्या मागोमाग.

"उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येते," ती बिनचं झाकण उघडत म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी... अनोळखी माणसाच्या हातचं मी खात नाही. कधीच नाही. तुझ्याबद्दल तसं काही नाही, लव्ह."

ती वाकून पिशव्या बाहेर काढू लागली. सर्वांत वर माझ्या बाथरूमची पांढरी छोटी पिशवी होती. ती तिच्या हातातून निसटली, गाठ सुटली, आणि फरशीवर आधी टिश्यू पडले, मग फ्रूट केकचा तुकडा. एकही घास न घेतलेला. काठावर तिच्या सुरीची खूण तशीच.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. मांजरानं येऊन तो हुंगला आणि तेही निघून गेलं.

"मांजर ब्रेडच्या पाटावर बसलं होतं," मी म्हटलं.

"ते नेहमीच बसतं," ती म्हणाली, आणि परत बिनमध्ये वाकली.

डबा मधोमध होता. झाकण न उघडलेला, "तिला" ही अक्षरं वर. मी तिथंच, परसात उकिडवी बसून, लाडू एकेक काढून झाकणावर ठेवले. अकरा. खाली पुडी. क्लिंग फिल्म सोडवली, फॉइल उघडलं. दोन पाटल्या, तुपानं जरा चिकट झालेल्या. मी त्या मुठीत धरल्या आणि बराच वेळ उठलेच नाही.

ती शेजारी उभी होती. म्हणाली, "खाण्यात का लपवल्यास?"

"चोर खाण्याला हात लावत नाहीत म्हणून."

"इथं कोण चोर होतं? घरात तर मीच होते."

मी म्हटलं, "तुम्ही माझी परतायची वेळ का विचारत होतात?"

"वरचं हीटिंग किती वाजता लावायचं ते ठरवायला. दिवसभर लावलं तर परवडत नाही."

संध्याकाळी तिनं दार ठोठावलं आणि चहाला बोलावलं. जाताना मी माझ्या डब्यातले चार लाडू बशीत घेतले. खाली गेले तर तिनं नवा केक कापून ठेवला होता आणि मांजराला बाहेर काढलं होतं. मी आधी खिडकीतून मांजर खरंच बाहेर आहे ना ते पाहिलं. मग मी माझ्या बशीतला लाडू मोडून अर्धा स्वतः खाल्ला, उरलेला अर्धा तिच्याकडे सरकवला. तिनंही केकचा कोपरा तोडून आधी स्वतःच्या तोंडात टाकला. दोघींनी सावकाश चावलं. तिनं विचारलं, हे डाळीचं आहे का? मी म्हटलं, हो. "पोट भरतं," एवढंच ती म्हणाली. केक चांगला होता. मी तो निम्मा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ट्रेन दुपारची होती. यादीतल्या सातपैकी पाच गोष्टी मी बघितल्या. शॅम्बल्स पुन्हा एकदा, या वेळी सावकाश. पाटल्या हातात होत्या, वर स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र सगळ्यांकडे बघत होते.

मे महिन्यात पुण्याला गेले. पोचल्या पोचल्या, चपला काढायच्याही आधी, मी पाटल्या ताईच्या हातात दिल्या. तिनं त्या उलटसुलट करून पाहिल्या, मग नाकाशी नेल्या. धुऊन, पुसून आणल्या होत्या, तरी नक्षीच्या खाचांत काहीतरी राहिलं असावं.

"बेसन?" ती म्हणाली.

"हो."

"लाडवांत ठेवल्या होत्यास?"

"हो."

"कुणापासून लपवत होतीस?"

"सगळ्यांपासूनच," मी म्हटलं.

ताई एकदम हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "माझी लॉकरची किल्ली रव्यात असते. ह्यांनासुद्धा माहीत नाही. तू बोलू नकोस." आणि आम्ही दोघी दारातच उभ्या राहून आईचं पीठ, आईचे डबे, आईचं साबुदाण्यात हरवलेलं कानातलं, असं काय काय आठवत राहिलो.

लग्नात पाटल्या भाचीच्या हातात दिसल्या. शोभत होत्या.

पूजेच्या दिवशी भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, आईनं लग्नाआधी पाटल्या सोनाराकडे नेऊन वजन करून घेतलं. तू रागावू नकोस हं." मी रागावले नाही. लेस्टरहून निघायच्या आधी मीही तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या सोनाराकडून वजनाची चिठ्ठी करून आणली होती. ती अजून डायरीच्या मागच्या कप्प्यात आहे.